न वाजणारं झाकण

१

सोमवारी सकाळी लिओबा हार्टुंग संग्रहालयाच्या काचा पुसायला आली, तेव्हा मधल्या कपाटातून तिच्याच बापाचा डबा गायब झालेला होता. गुरुवारी तो सापडला. कुठे? तर तिच्याच झाडू-बादल्यांच्या खोलीत.

शनिवारी मला बोलावणं आलं. मी गुंदुला ब्राख्ट. विमा कंपन्यांसाठी जुन्या लष्करी वस्तू तपासते. महायुद्धात जर्मन सैन्याला माल पुरवणाऱ्या कारखान्यांनी हेल्मेटवर, बाटल्यांवर, दुर्बिणींवर, जेवणाच्या डब्यांवर आपापले ठसे मारले होते. ते ठसे वाचायचे आणि खरं-खोटं सांगायचं, हे माझं काम. फार थोर धंदा नाही हो. ज्या युद्धाने अर्धं जग जाळलं, त्याच्या पत्र्यांवर आज सुखवस्तू म्हातारे भिंग लावून लाळ गाळतात, आणि त्या लाळेवर माझं पोट चालतं.

ग्रेफेनलोहचं संग्रहालय म्हणजे चर्चमागच्या दोन खोल्या. समितीचे अध्यक्ष आन्सगार ल्युटिश, निवृत्त हेडमास्तर, लिव्हरचं सॉसेज लावलेला पाव खात माझी वाट बघत होते.

"बाई, प्रकरण साधं आहे," ते तोंडातला घास न गिळताच म्हणाले. "तिनेच डबा प्रदर्शनाला दिला, तिनेच लपवला. विम्याचे पैसे उकळायचे होते. तुम्ही फक्त 'हाच तो डबा' एवढं लिहून द्या. सोमवारी पोलिसांकडे देतो."

"विमा काढायची कल्पना तिची?"

"छे, तिला काय कळतंय! कागद मीच भरला." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी घाईने पुढचा घास घेतला.

"आणि ती राहते कुठे?"

"खाली. खोली समितीची आहे. सोमवारीच रिकामी करायला सांगितलीय."

वा रे हेडमास्तर! आयुष्यभर पोरांना न्यायाच्या गोष्टी सांगितल्या असतील.

"सापडला कसा?" मी विचारलं.

"आमच्या संग्रहालयाचे सल्लागार डॉक्टर फोलराट म्हणाले, घरचीच माणसं आधी तपासा. तपासलं. वरच्या फळीवर होता. खाली फ्लॅनेलचं घडी केलेलं फडकं, त्यावर डबा."

"फडक्यावर?"

"हो. मऊ, नवं कोरं."

मी डबा हातात घेतला. घेवड्याच्या दाण्यासारखा बाकदार, काळपट रंगाचा. खाली भांडं, वर खोल झाकण. झाकणाला घडीची मूठ, म्हणजे तेच ताटली म्हणूनही चालतं. भांड्याच्या बुडावर खिळ्याने कोरलेलं होतं: वि. हार्टुंग. विलीबाल्ड, लिओबाचा बाप. भांडं त्याचंच, शंका नाही. कडीजवळ कारखान्याची आद्याक्षरं आणि ३९ साल. झाकणाच्या मुठीवर तीच आद्याक्षरं, तेच साल.

"जुळतंय ना?" ल्युटिशनी विचारलं.

जुळत होतं. मी पेनाचं टोपणही काढलं होतं. मग सवयीने दोन्हीच्या कडा उजेडात धरल्या. भांड्याची वरची कड झाकण घासून-घासून पांढरी पडली होती. झाकणाची आतली कड मात्र काळी कुळकुळीत, रंग जागच्या जागी. वर्षानुवर्षं एकत्र नांदलेल्या जोडप्यात एकाच्याच अंगावर ओरखडे?

मी पेनाचं टोपण लावलं. "सही सोमवारी."

ल्युटिशचा घास घशात अडकला.

२

लिओबाची खोली तळघराच्या जिन्याखाली होती. सत्तरीची, ठेंगणी, खांदे पुढे आलेली बाई पुठ्ठ्याच्या खोक्यांत कपबशा भरत होती.

"तुम्हीही बघायला आलात?" ती म्हणाली. "बघा. चोर असा दिसतो."

"मी विम्याकडून आलेय."

"मग पैसे परत घेऊन जा, मी काय घेतलेच नाहीत ते!" असं म्हणून तिने तरीही माझ्यासाठी कॉफी ओतली. "बाई, या गल्लीत जन्मले मी. काल बेकरीवालीने पाव माझ्या हातात दिला नाही, काउंटरवर ठेवून आत निघून गेली. समोरची हेडविग मला बघून पडदा ओढते. खोली गेली तर जाऊ दे, कुठेही पडेन. पण मेल्यावर माझ्या पेटीमागे चालताना हे लोक म्हणणार, चोरटी होती. बापाचा डबा विकून खायला निघाली होती."

मला रडणाऱ्या बायका सोसत नाहीत. ही रडत नव्हती, म्हणून मी बसले.

"डब्याबद्दल सांगा. ठशांचं नको, ते मला कळतं. घरात तो कसा होता?"

"ठसे-बिसे मला ठाऊक नाहीत. बाबा लढाईवरून आले ते तो घेऊनच. मग स्लेटच्या खाणीत लागले, रोज त्यातच सूप न्यायचे. संध्याकाळी चढावरून येताना वाजायचा तो. खडड्-खडड्, खडड्-खडड्. आई म्हणायची, आली बघ आपली बकरी घरी. सगळ्या गल्लीला ठाऊक. डबा वाजला की शेजारणी म्हणायच्या, विली आला, बटाटे उतरवा."

"का वाजायचा?"

"झाकण त्यांचं नव्हतंच. सैन्य मागे हटत होतं तेव्हा ते आणि त्यांचा दोस्त अँटोन एका ओढ्यावर डबे घासत होते. गोळीबार सुरू झाला, हाताला येईल ते उचलून दोघं पळाले, झाकणांची अदलाबदल झाली. उद्या बदलू म्हणाले. उद्या अँटोन नव्हता." तिने कपावर कागद गुंडाळला. "ते झाकण जरा मोठंच होतं, नीट बसायचं नाही. आई एकदा म्हणाली, दुसरं आणा. बाबा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत."

"प्रदर्शनात तो कुणी निरखून बघितला?"

"क्वास्ट बघून गेला, तो बाजारात जुनं लष्करी सामान विकतो ना, तो. विकतेस का म्हणाला. मी म्हटलं, बाप विकतात का रे? आणि फोलराट डॉक्टर. दातांचे. त्यांनी खिडकीशी नेऊन भिंगाने बघितला, किडकी दाढ बघतात तसा. म्हणाले, भांडं चांगलं आहे."

"भांडं?"

"हो. झाकणाबद्दल चकार शब्द नाही."

"सापडल्यावर तुम्ही तो बघितलात?"

"हात लावू देतील तर ना! पुरावा म्हणे. लांबून दाखवला."

मी वर तपासताना तो डबा उलटापालटा केला होता, कानाशी धरून हलवलाही होता. तो अगदी गप्प होता.

३

डेटलेफ क्वास्ट रविवारच्या जुन्या बाजारात चर्चच्या भिंतीला टेकून बसतो. टेबलावर शिरस्त्राणं. कायद्याला भिऊन स्वस्तिकांवर चिकटवलेल्या इवल्याशा पट्ट्या, आणि गिऱ्हाइकाने विचारलं की नखाने ती पट्टी उचलून दाखवायची. असला हा व्यापार.

"या या, ब्राख्टबाई! आज कुणाची अब्रू काढणार?"

"तुझी उरलीय का?"

तो खो-खो हसला. त्याच्यापुढे जेवणाचे डबे मांडलेले होते. मी एक उचलला. भांडं एका कारखान्याचं, झाकण दुसऱ्याचं.

"हे काय रे?"

"लग्न लावलंय." आमच्या धंद्यात बेजोड वस्तूंच्या जोडीला असंच म्हणतात. "हाताला येईल ते झाकण ठोकतो मी. सूप पिणाऱ्याला काय फरक पडतो?"

"आणि गिऱ्हाईक हट्टी असेल तर?"

"मग त्याला डॉक्टरकडे पाठवतो. फोलराटच्या कपाटात सुटी झाकणं आहेत, कारखान्यानुसार, सालानुसार रांगेत लावलेली. सैनिकांनी चिखलात घोळलेलं सामान हा माणूस बायकोच्या दागिन्यांसारखं लावतो! एकदा माझ्या टेबलावर चुकीचं झाकण दिसलं तर स्वतःच्या खिशातून योग्य झाकण काढून बसवून गेला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, बघवत नाही."

"खिशात झाकण घेऊन फिरतो?"

"वेड आहे ते. पण त्याचंही एक दुःख आहे हां." क्वास्ट पुढे वाकला. "त्याचा विधुर."

"कोण विधुर?"

"एक भांडं. शत्रूच्या विमानांना कारखाने कुठे आहेत ते कळू नये म्हणून मधल्या काळात नावांऐवजी गुप्त अक्षरं आली ना, त्या काळातलं. एन-एक्स-यू, एक्केचाळीस साल. तो कारखाना जेमतेम काही महिने चालला आणि जळाला. भांडी दोन-चार सापडली, झाकण एकही नाही. कुणीच बघितलेलं नाही. डॉक्टर बिचारा वर्षानुवर्षं ते बोडकं भांडं मधोमध ठेवून उसासे टाकतोय."

"अजून टाकतोय?"

क्वास्टने दाढी खाजवली. "अरेच्चा, खरंच की. मागच्या आठवड्यात बिअर प्यायला बसलो होतो, तेव्हा त्याने एकदाही त्याचं नाव काढलं नाही."

४

डॉक्टर एकहार्ट फोलराट यांनी माझं स्वागत पांढरे सुती हातमोजे घालून केलं. केकही त्याच हातांनी कापला.

"तुमच्यासारख्या जाणकार बाई क्वचित भेटतात," ते म्हणाले. "या गावात सगळा अडाण्यांचा बाजार आहे. ती हार्टुंगबाई त्या डब्यात बटाटे उकडत होती! बटाटे!"

"डबा त्यासाठीच असतो ना?"

त्यांना माझी कीव आली असावी. ते मला आत घेऊन गेले. भिंतभर काचेची कपाटं. आत एकाही माणसाची आठवण नाही, एकाही सैनिकाचं नाव नाही, नुसते कारखाने आणि सालं. इतक्या मेलेल्या पोरांचं सामान आणि या गृहस्थाला फक्त ठसे दिसतात.

पाहणीसाठी त्यांनी दोन डबे टेबलावर काढले. ते त्यांच्या ज्ञानाची पताका फडकवत असताना मी दोन्ही झाकणं उचलली आणि सहज उलटसुलट ठेवून दिली. डॉक्टर कारखान्यांच्या कोळशाच्या पुरवठ्याबद्दल बोलत होते. बोलणं थांबलं नाही. पण पांढरा हातमोजा पुढे आला, एक झाकण उचललं, दुसरं उचललं, जागच्या जागी बसवलं. त्यांना स्वतःलाही कळलं नाही.

मग मी मधल्या कपाटाकडे वळले. मखमलीवर एक डबा. भांडं आणि झाकण.

"हा विधुर ना? अभिनंदन! लग्न कधी झालं?"

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "एका जत्रेत मिळालं. नशीब."

"झाकण घासून-पुसून घेतलंत का?"

"काय बोलता!" ते खरोखर दुखावले. "जुनी वस्तू घासायची? त्यावरचा काळ पुसायचा? असलं पाप मी करत नाही."

उत्तम, मी मनात म्हटलं. तुमचं पुण्यच तुम्हाला भोवणार.

"डॉक्टर, उद्या समितीपुढे तुम्ही हवे आहात. सापडलेला डबा अस्सल जोडीचा आहे हे त्या बावळटांना कोण सांगणार? आणि हे रत्नही आणा. त्यांना कळू दे, खरा संग्रह कशाला म्हणतात."

दुसरा चोर असता तर डोकं दुखतंय म्हणाला असता. पण जगात एकच असलेली वस्तू आणि ती बघून जळणारं कुणीच नाही, हे दुःख कसं सोसवणार? ते क्षणभर घुटमळले. मग छाती फुगवून म्हणाले, "आणतो."

५

सोमवारी समितीच्या लांब टेबलाभोवती ल्युटिश, त्यांचे दोन होयबा, झाकणं आणायला सांगितलेला क्वास्ट आणि पुढ्यात मखमलीवर आपलं रत्न मांडलेले हातमोजेवाले डॉक्टर बसले. लिओबाला दाराशी उभं केलं होतं. खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. मी माझी दिली.

"डॉक्टर, हा सापडलेला डबा. तुमचं मत?"

त्यांनी ठसे वाचले. "एकच कारखाना, एकच साल. नि:संशय. हे झाकण या भांड्यावरून कधी हललेलंच नाही."

"कधीच नाही?"

"माझी प्रतिष्ठा पणाला लावतो."

"ल्युटिशसाहेब, ऐकलंत ना? आता लिओबा, तुम्ही खिडकीकडे तोंड करा. वळायचं नाही. मी डबा वाजवते, बाबांचा वाटला की सांगा."

"हा काय पोरखेळ आहे?" डॉक्टर म्हणाले.

मी सापडलेला डबा, सापडलेल्या झाकणासह हलवला. आवाजच नाही.

"वाजवा की," लिओबा म्हणाली.

"वाजवला."

"मग तो बाबांचा नाही."

मी तेच भांडं ठेवून क्वास्टचं एक झाकण बसवलं. ठणठण झाली. "अहो, हे कुणीतरी पत्रा बडवतंय," ती म्हणाली. दुसरं बसवलं. "हेही नाही."

मग मी हात लांब करून डॉक्टरांच्या मखमलीवरचं झाकण उचललं.

"त्याला हात लावू नका!" डॉक्टर ओरडले. पण तोवर मी ते विली हार्टुंगच्या भांड्यावर बसवलं होतं. जरा मोठं होतं, सैल बसलं. मी हलवलं.

खडड्-खडड्.

लिओबाने खिडकीची चौकट घट्ट धरली. "बकरी," ती म्हणाली. मग अगदी हळू, "बाबा."

"म्हातारीचे कान!" डॉक्टरांचा आवाज फाटला. "याला पुरावा म्हणतात?"

"नाही. याला म्हणतात." मी झाकण उलटं करून ल्युटिशपुढे धरलं. आतली कड एका बाजूला घासून पांढरी झाली होती. त्याच बाजूला, तेवढ्याच लांबीचा पांढरा पट्टा विलीच्या भांड्यावर होता. पट्ट्यावर पट्टा ठेवला, नखभरही फरक नाही. "वर्षानुवर्षं हे दोघं एकमेकांवर घासत होते. आणि डॉक्टर जुनी वस्तू घासून-पुसून घेत नाहीत, म्हणून खूण जशीच्या तशी राहिली. आता त्यांच्या विधुराची कड बघा. एक ओरखडा नाही."

क्वास्टने हळूच शीळ घातली.

"त्यांना डबा नको होता, विलीच्या डब्यावरचं हे एन-एक्स-यू झाकण हवं होतं," मी म्हणाले. "क्वास्टने चोरी केली असती तर कुठलंही झाकण खिशात आणून, इथेच बदलून, मिनिटात निघून गेला असता. कुणाला पत्ता लागला नसता. लिओबाने स्वतः लपवला असता तर झाकण बदलायचं कारणच काय? पण डॉक्टरांना विलीच्या भांड्यावर चुकीचं झाकण ठेवून जाणं जमेना. म्हणून सल्लागाराच्या किल्लीने कपाट उघडून अख्खा डबा घरी नेला. काजळीखालचं साल वाचलं, कपाटातून त्याच कारखान्याचं, त्याच सालचं झाकण शोधलं. सोमवारी संग्रहालय बंद, तेव्हा आरामात परत ठेवू म्हणाले. पण सोमवारीच लिओबा काचा पुसते. तुमच्यापैकी कुणाला हे ठाऊक होतं? कुणालाच नाही. तुम्हाला वाटतं काचा आपोआप चकचकतात."

होयबांनी माना खाली घातल्या.

"बोंब झाली, आता परत ठेवता येईना. मग तिच्या झाडूंच्या खोलीत ठेवला. डबा मिळाला की झाकण कोण शोधतंय? पण तिथेही सवय सुटली नाही. गरीब बाईवर चोरीचा आळ घालायचा, तर तो घातला नव्या फ्लॅनेलवर. डब्याला ओल लागायला नको ना! बाई रस्त्यावर आली तरी चालेल."

"ती त्यात बटाटे उकडत होती!" डॉक्टर ताडकन उठले. "साऱ्या देशात एकच झाकण, आणि तिला अक्षरंसुद्धा माहीत नाहीत! तिच्याकडे ते वाया जात होतं. मी त्याला त्याच्या जागी नेलं. त्याच्या योग्य भांड्यावर!"

लिओबा आता वळली होती. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, त्यांच्या छातीइतकीच.

"त्याचं योग्य भांडं अँटोनबरोबर मातीत गेलं, डॉक्टर," ती म्हणाली. "तुमच्या कपाटात नाही."

डॉक्टर माझ्यापुढे पडलेल्या क्वास्टच्या झाकणांकडे बघत होते. त्यातलं एक पालथं होतं. हातमोजा पुढे आला, सुलटं केलं. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त काय बोलू?

ल्युटिश उठले, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. "श्रीमती हार्टुंग, समितीच्या वतीने... म्हणजे गैरसमज... खोली अर्थात तुमचीच. पोलिसांकडे आता डॉक्टरांचं... बघू, गावची अब्रू आहे, हळू घेऊ."

"माझं नाव घेताना हळू घेतलं नव्हतं तुम्ही," लिओबा म्हणाली.

"आज फोन करा," मी त्यांना म्हटलं. "नाहीतर माझ्या अहवालात तुमचाही एक परिच्छेद लिहिते. विम्याचा कागद कुणी भरला, तिथपासून."

त्यांनी फोन उचलला.

"आणि डबा?" एका होयबाने धीर करून विचारलं. "प्रदर्शन तर रविवारपर्यंत आहे."

लिओबाने अँटोनचं झाकण विलीच्या भांड्यावर बसवलं, कडी हातात धरली आणि कुणाकडेही न बघता जिना उतरली.

मी खिडकीशी गेले. ती सरळ खोलीत शिरेल असं मला वाटलं होतं. पण ती रस्त्यावर आली आणि चढ चढू लागली, मधोमध, डबा मुद्दाम झुलवत. खडड्-खडड्, खडड्-खडड्. हेडविगचा पडदा हलला, मग बाजूला झाला. बेकरीवाली पिठाचे हात घेऊन दारात आली. वरच्या घरातला एक म्हातारा खिडकी उघडून वाकला आणि आत कुणाला तरी ओरडून म्हणाला,

"अगं ए, ऐकलंस का? विलीची पोर घरी आली!"